भावाच्या कॉम्प्युटरमधली दोन कार्डं

थोरल्या भावाच्या निधनाचा फोन आला तेव्हा मीटरवाले एका जुन्या रेडिओला डाग देत बसले होते. फोन ठेवून त्यांनी उरलेले दोन डाग दिले, सोल्डरिंग गन थंड होऊ दिली आणि मग चपला घातल्या. तिकडे सगळे रडले, यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. कुणीतरी कुजबुजलंही, काळीज आहे की दगड? त्यांनी ऐकलं. त्यांनाही तेच वाटत होतं.

मीटरवाले हे नाव त्यांना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पडलं. इतरांच्या खिशाला पेन असायचं, यांच्या खिशाला व्होल्ट मोजायचा मीटर. दोघा भावांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. वडील आजारी होते तेव्हा धाकट्याची नुकतीच दूर बदली झाली होती. तो पोहोचला तो शेवटच्या दिवशी. थोरला दारातच म्हणाला, "आता कशाला आलास?" तेवढ्या एका वाक्यावर अकरा वर्षं गेली.

दोन महिन्यांनी वहिनींनी बोलावलं. घर आवरून त्या मुलीकडे राहायला जाणार होत्या. खिडकीजवळच्या टेबलावर थोरल्याचा जुना घरगुती कॉम्प्युटर होता, कीबोर्ड पेटीलाच जोडलेला, पिवळा पडलेला. गेल्या वर्षी त्याने कुठूनसं सेकंडहँड मेमरी कार्ड आणून आत बसवलं, तेव्हापासून यंत्र रुसलं होतं. शेवटपर्यंत त्याच्याशीच झटापट चालली होती.

"चालू झालं तर नेईन, नाही तर भंगारात," वहिनी म्हणाल्या.

मीटरवाल्यांनी झाकण काढलं. आत दोन कार्डं होती: एक फ्लॉपीचं, एक मेमरीचं. चालू केलं की पडद्यावर नुसत्या चौकटी. मेमरीचं काढलं, तर फ्लॉपी गुरगुरू लागली. फ्लॉपीचं काढून मेमरीचं बसवलं, तर मेमरीही पडद्यावर पुरी मोजली गेली. दोन्ही बसवली की पुन्हा चौकटी. त्यांनी कार्डांचे पितळी दात खोडरबराने घासले, जागा आलटून पालटून पाहिल्या. मीटर लावला तर पाच व्होल्टच्या जागी साडेचारच. चोर सापडला असं वाटून त्यांनी सप्लायमधला फुगलेला कपॅसिटर बदलला. व्होल्ट पाचावर आले. चौकटी होत्या तिथेच.

वहिनी चहा ठेवून म्हणाल्या, "एका म्यानात दोन तलवारी, दुसरं काय."

मीटरवाले मेमरीच्या कार्डावर वाकले. त्यावरचे इवलेसे स्विच पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं, की वहिनींचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मेमरीच्या कार्डाने शेवटपर्यंतचे सगळे पत्ते अडवले होते, आणि फ्लॉपीचं कार्ड त्यातल्याच एका पत्त्यावर राहत होतं. यंत्राने हाक मारली की दोघंही ओ द्यायचे. थोडी मेमरी सोडून दिली की झालं. थोरल्याला हे सुचलं नसेल असं नाही. पण सोडून देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मीटरवाल्यांनी नखाने शेवटचा स्विच खाली केला.

फ्लॉपी गुरगुरली आणि यादी आली. त्यातली एक फाइल वडिलांच्या आजाराची होती. रोमन अक्षरांत मराठी, दिवसाला दोन ओळी. नाडी अठ्ठ्याऐंशी. गोळी दिली. अर्धा कप दूध. धाकट्याची आठवण काढली. मीटरवाले मोठ्याने वाचत होते, कारण वहिनींचा चष्मा सामानात गेला होता. पुढची ओळही त्याच आवाजात वाचून झाली: धाकट्याला कळवू म्हणालो, बाबा नको म्हणाले, नवी जागा आहे, धावपळ करेल.

पंख्याचा आवाज येत होता.

"मला ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या. "मी दोनदा म्हटलं ह्यांना, भावजींना सांगून टाका, बाबांनीच नको म्हटलं होतं. म्हणाले, सांगू."

"बरं," मीटरवाले म्हणाले.

आत काहीतरी हलेल म्हणून ते क्षणभर थांबले. काही हललं नाही. मग त्यांनी सगळे स्क्रू परत बसवले, शेवटचा स्विच वर करू नये असं कागदावर लिहून तो झाकणावर चिकटवला.

"जेवून जा, भावजी."

ते जेवले. काय जेवले ते नंतर आठवेना. वहिनी म्हणाल्या, यंत्र तुम्हीच न्या. ते म्हणाले, चालू आहे, तुमच्याकडेच असू द्या, आणि बंद पडलं तर कळवा.

दुपार कलली होती. बसथांब्याच्या बाकावर ते हात मांडीवर ठेवून बसले. त्यांची बस आली, थांबली, गेली. दुसरीही गेली. शेजारच्या बाईने विचारलं, तुम्हाला कुठं जायचंय? त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, अहो, आत्ता गेली ती तिकडचीच होती. मीटरवाले म्हणाले, हो, पाहिली.

तिसरीत मात्र ते चढले.