सामाईक भिंतीची ऊब

ठमाबाईशी भांडून कुणी जिंकलंय, असं आमच्या महाडच्या आळीत एकदाही घडलं नाही. नवऱ्यामागं वीस वर्षं तिनं कुरमुऱ्यांच्या भट्टीवर पोट भरलं, आणि तोंडही भट्टीसारखंच, सदा तापलेलं. पण बाई सोन्यासारखी. मी समोरच राहायचो, तेव्हा ऐकीव सांगत नाही.

एकाच कौलारू घराचे दोन भाग होते. एकात ठमाबाई, दुसऱ्यात ट्रक चालवणारा लतीफ आणि त्याची बायको शमसुन्निसा. जागा देवस्थानची, दोघांकडे लांब मुदतीच्या पट्ट्यानं आलेली. मधली भिंत सामाईक. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. ठमाबाईची भट्टी नेमकी तिलाच टेकलेली. मालोजी गवंडी म्हणाला, "भिंत उतरवून नवी घालावी लागंल. दोघं कबूल झाल्याबिगर मी हात लावनार नाय."

"मामी, भट्टी तुमची, आच तुमची, मग खर्च बी तुमचाच," लतीफ म्हणाला.

"पट्ट्यात निम्मा-निम्मा लिवलाय रे. वाच की!"

"भट्टीचं कुठं लिवलंय त्यात?"

सगळा खर्च उचलायची ठमाबाईची ऐपत नव्हती, आणि तसं कबूल करायची तयारी तर त्याहून नव्हती. रागाच्या भरात तिनं भट्टी फोडली आणि मागच्या पडवीत नवी घातली. हा आपल्याच पायावर मारून घेतलेला धोंडा. आषाढात पडवीत झड यायची, लाकडं भिजायची, कढईतली वाळू तापायची नाही. कुरमुरे फुलायचे सोडून दातांना चिकटायला लागले. गिऱ्हाईक तुटलं. आणखी महिनाभर असंच चाललं असतं, तर तिला कापडे गावी भावाच्या दारात जाऊन राहावं लागलं असतं. मला फार वाईट वाटायचं, पण तिला तसं म्हणायची कुणाची छाती?

एका सकाळी शमसुन्निसा पडवीत आली. छातीशी महिन्याची मुलगी, हातात ओल्या लंगोटांचा पिळा.

"मामी, भट्टी परत आत न्या. थोरल्या दोघांचे लंगोट मी पावसाळाभर तुमच्या भिंतीवरच सुकवले. आता चार-चार दिवस वाळत नाय. पोरीच्या अंगावर पुरळ उठलंय."

ठमाबाई बघतच राहिली. "मग इतकी वर्षं बोलली का नायस गो?"

"बोलले असते तर तुम्ही भाडं मागितलं असतं!"

ठमाबाई एवढ्या मोठ्यानं हसली, की मला घरात ऐकू आलं.

संध्याकाळी आंबेनळी घाट उतरून आलेल्या लतीफला बायकोनं दारातच गाठलं. तो हातपाय न धुताच शेजारी गेला. "मामी, चुकलं माझं. ऊब आमी घेतली, तर चीर बी आमची. निम्मा खर्च माझा."

भर पावसात भिंत उतरवता येईना. मालोजीनं चिरेत चुना भरून टेकू लावला, आणि दिवाळीनंतर नवी भिंत घातली. भट्टी मात्र दुसऱ्याच दिवशी आत आली. कुरमुरे फुलले, गिऱ्हाईक परतलं, आणि बाईचं तोंड पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. आळीला हायसं वाटलं.

पुढं सात-आठ वर्षांनी तिचे हात आखडले. कढई उचलेना, कुरमुरे बंद झाले. तरी आषाढात रोज पहाटे तिच्या कौलांतून धूर निघायचा. न राहवून मी विचारलं, "काकू, भाजायचं काही नाही, मग लाकडं कशाला जाळता?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काडीची अक्कल नाही.

"लाकडं लतीफ आनून टाकतो. पल्याड परत तान्हं पोर हाय नव्हं!"