पारोशी ताटली

भंडाऱ्याच्या कुठल्याही चौकात उभं राहून, एक खोल श्वास घेऊन, हा धूर कोणाच्या दारातून आला हे सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मी बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस. वाढवून बोललेलं मला सोसत नाही. तरी हे विधान मी जबाबदारीने करतो, कारण मामाजींची परीक्षा मी स्वतः पाहिलेली आहे. एकदा ऑटोने बसस्टँडकडे जात होतो. मध्येच ते म्हणाले, "जावई, डाव्या हाताले कोणीतरी टायर जाळून राहिलं." ऑटोवाला हसला. पुढच्या वळणावर, डाव्या हातालाच, पंक्चरच्या दुकानामागे टायर पेटलेलं होतं. ऑटोवाल्याने उतरताना त्यांना वाकून नमस्कार केला. भाडं मात्र पूर्ण घेतलं.

मामाजींचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. लोकांनी स्टील धरलं, मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि दुकान मिटलं. मागे उरल्या पोतंभर लहान पितळी ताटल्या. दुसऱ्या कोणी त्या मोडीत घातल्या असत्या. मामाजींनी त्यांना कामाला लावलं. काजळी चिकटावी म्हणून ताटलीला जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं, ती ओळखीच्या कोणाच्या तरी गच्चीवर ठेवून यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाच्या बोळ्याने पुसायची. मग तो बोळा दोन बोटांत चुरायचा आणि हुंगायचा. राइस मिलच्या कोंड्याची राख चुरचुरते, डिझेलची काजळी तेलकट लागते, कचरा जाळल्याचा धूर बोटाला चिकटून राहतो, हे त्यांनी मला बोटं धरून शिकवलं. एकदा बोळा जिभेकडे निघाला तेव्हा मात्र मी हात धरला. ते म्हणाले, "धुराचंबी गोत्र असते, जावई. पाहून घ्यावंच लागते."

या शोधाचा त्रास आम्हा नातेवाइकांना किती झाला ते सांगायला नको. एका घरी मांजराने ताटली चाटून चकचकीत केली आणि मामाजी त्या गल्लीला शुद्ध हवेचं प्रमाणपत्र देऊन बसले. दुसऱ्या घरच्या म्हातारीने गच्चीवर आयती ताटली सापडली म्हणून तीत मुगवड्या वाळत घातल्या. पवनीला एका लग्नात तर होम पेटल्याबरोबर हे मांडवातून उठले, धुरात नाक घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भटजी, तूप भेसळीचं हाये." तूप वरपक्षाकडून आलेलं होतं. नवऱ्या मुलाचा काका रुसला तो पंगत उठेपर्यंत मांडवात आला नाही. परतीच्या एसटीत बायको माझ्याशी बोलली नाही, जसं काही तूप मीच हुंगलं होतं.

मी त्यांना मोबाइलवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला.

"हा कुठचा आकडा?"

"जवळचं केंद्र नागपूरचं दाखवतं, मामाजी."

"म्हणजे ताप मोजाचा नागपूरच्या सुनेचा अन् गोळी द्याची भंडाऱ्याच्या सासूले?"

मी मोबाइल खिशात घातला. पुढे मुलाने पुण्याहून हवा मोजण्याचं एक लहान यंत्र पाठवलं, तळहाताएवढं. ते त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर गाठ मारून शोकेसमध्ये ठेवलं. उघडलं तर धूळ लागेल, हे कारण.

पण माणूस नुसता हुंगून गप्प बसणारा नव्हता. वस्तीलगतच्या एका राइस मिलच्या मालकाकडे ते काडीपेटीत बोळा घालून गेले. मीही सोबत होतो. मालक म्हणाला, "काकाजी, ही राख माहीच कायवरून?" मामाजी म्हणाले, "पोराच्या नाकावरून बाप कळते का नाई? तसंच." मालक मोठ्याने हसला, चहा सांगितला आणि महिनाभरात धुराड्याला खरोखरच जाळी बसली. त्या आळीतल्या बायकांनी वाळत घातलेली पांढरी लुगडी त्यानंतर पांढरीच राहू लागली.

हे सगळं वेड ज्यांच्यासाठी होतं त्या मामीजींबद्दल आता सांगतो. मामीजींना दम्याचा त्रास होता. पहिल्यांदा थंडीपुरता, मग बारमाही. चार पायऱ्या चढल्या की त्या भिंतीला हात लावून उभ्या राहत आणि आपल्याला काही झालेलं नाही अशा चेहऱ्याने भिंतीवरचा रंग पाहत. हा धूर येतो कुठून, ते शोधून काढीन आणि बंद करीन, असा मामाजींनी पण केला होता. ताटल्या निघाल्या त्या यासाठी. गावभर ताटल्या आणि एक ताटली स्वतःच्या घरी, बैठकीच्या खिडकीत. ही घरची ताटली त्यांचा अभिमान होती. गावातल्या ताटल्यांवर काय काय सापडे, पण खिडकीतल्या ताटलीवर फिरवलेला बोळा रोज जसाच्या तसा पांढरा. "सगळ्या भंडाऱ्यात एक नंबरची हवा माह्या घरात हाये," ते म्हणत. त्यामुळे निर्णय सोपा झाला. मामीजींचं बाजारात जाणं बंद, वैनगंगेच्या घाटावर जाणं बंद, शेजारी हळदीकुंकवाला जाणंही बंद. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि घरातच बसायचं.

मामीजी एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "मले घाटावर नेऊन बसवा न जी एक दिवस. मोकळं वाटते तिथं."

"तिकडं विटाभट्टीचा वारा येते. काहून जीव धोक्यात घालतं? घरात बस."

त्या बसल्या.

आणि दिवेलागणीला मामाजी धुरी करत. मातीच्या खापरात गोवरीचा निखारा, वर कडुनिंबाचा पाला, चिमूटभर ऊद. त्यांच्या आईपासून चालत आलेली रीत. खापर हातात धरून ते खोल्याखोल्यांतून फिरत, मामीजींच्या पलंगाखाली जरा जास्त वेळ धरत, कारण मच्छर तिथे जास्त. आम्ही कितीदा त्या वेळी तिथे बसलेलो आहोत. डोळे पुसत चहा प्यायलो आहोत. कोणाच्याही मनात काही आलं नाही. धूर असतो तो दुसऱ्याचा. आपल्या घरी असते ती धुरी, आणि कडुनिंब तर औषध. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात धूर होतो का?" मामाजींनी ठणकावून सांगितलं, "नाई जी. माप हाये माह्यापाशी."

मामीजी गेल्या हिवाळ्यात गेल्या. वय झालं होतं, फुप्फुसं थकली होती, शेवटी न्यूमोनिया झाला. धुरीमुळे गेल्या असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. जे सिद्ध होत नाही ते लिहायचं नाही, ही माझी सवय आहे.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी आणि बायको मामाजींजवळ थांबलो होतो. एका सकाळी त्यांनी बैठकीतून हाक मारली. हातात खिडकीतली ताटली होती, दुसऱ्या हातात बोळा. बोळा काळा-पिवळा झाला होता.

"जावई, हे पाहा. आजूबाजूले नवीन मिल निघाली का?"

मी म्हटलं, माझ्या माहितीत नाही. ते बोळा चुरू लागले. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली, ताटलीकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामी गेली अन् ताटलीची दशा पाहा," ती म्हणाली. "तुमी उठाच्या आंधी रोज चिंचेनं घासत होती मामी. मी म्हणो, मामी, दम लागते, कायले घासतं? तं म्हणे, पितळेवाल्याच्या घरी पारोशी ताटली खिडकीत ठेवली तं लक्ष्मी दारातून परत जाईन. घासून मंग तेलाचं बोट फिरवून ठेवून देत होती, तुमाले लागते म्हणून."

तिने हे मायेने सांगितलं. आपण काय सांगतो आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. मला ते कळायला एक क्षण लागला. मामाजींना तेवढाही लागला नाही, कारण बोळा त्यांच्या नाकाशी होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या धुराचं गोत्र मोठ्याने सांगितलं नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी शोकेसमधलं यंत्र काढलं. गाठ सुटेना, म्हणून पिशवी फाडली. यंत्र मामीजींच्या रिकाम्या पलंगावर ठेवलं आणि नेहमीसारखी धुरी केली. आकडा चढू लागला. आकडे वाचणं हा माझा धंदा आहे, तरी तो कुठे थांबतो हे मी पाहिलं नाही. यंत्र हातात घेऊन पालथं ठेवलं. मामाजी खापर अंगणात घेऊन गेले आणि निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. आत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "घाटावर नेतो म्हटलं असतं, तं आली असती ना ते?"

"आल्या असत्या, मामाजी."

आता त्या घरी धुरी होत नाही. मच्छरदाणी आहे, आणि ओसरीवर बसलं की मच्छर आम्हा दोघांनाही सारखेच चावतात. दारं-खिडक्या सताड उघड्या असतात. मामाजी अजून गच्च्यांवर ताटल्या ठेवतात, पण ठेवताना घरच्या बाईला हात जोडून सांगतात, "बाई, इले घासजो नोको. पारोशीच राहू दे."

परवा सकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी नुकतीच खिडकीतली ताटली पुसली होती. बोळा पांढरा होता. उलटून पाहिला, उजेडात धरला, हुंगला, तरी पांढराच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो खरोखर पांढरा आला होता. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांनी ताटली दोन्ही हातांत धरली, स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "जावई, कोणी घासून तं नाई ना ठेवली?"

"नाही, मामाजी. कोणीच नाही."

"नाई ना," ते म्हणाले, आणि ताटलीवर तेलाचं बोट फिरवू लागले.