पार्कावरचा झेल

सोमवारची पूजा आटोपली की मी जपमाळ हातात घेऊन देवघरासमोरच्या चटईवर जरा पाठ टेकते. झोपायचा विचार नसतो, पण गुडघे आता बसू देत नाहीत. आत माझी सूनबाई कीर्ती शेंगदाणे भाजतेय. घरातल्या सगळ्यांचा सोमवारचा फराळ एकत्रच होतो. फक्त माझी साबुदाण्याची खिचडी कीर्ती आधी वेगळी काढते, कूट न घालता. लग्न होऊन आली तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, "सोलापूरच्या असून शेंगदाणे नाहीत, आई?" मी म्हटलं, "सोडलेत." देवासाठी सोडलेल्या गोष्टीचं कारण आमच्याकडे कुणी पुन्हा विचारत नाही.

दाण्यांचा खरपूस वास बाहेरपर्यंत येतो. मणी बोटांतून सरकतायत. नमः शिवाय, नमः शिवाय. मध्येच एक मणी जरा मोठा लागतो, उबदार, त्याच्या कमरेला खाच. बोटांना कळतं की ही शेंग आहे. मी डोळे उघडत नाही. उघडले तर वास जाईल असं वाटतं.

"सरक की जरा," शेजारून कुणीतरी म्हणतं.

मी सरकते. चटईच्या जागी लाकडी फळी आहे, उन्हानं तापलेली. शेजारी अण्णा बसलेत, माझे वडील. वर्ष झालं त्यांना जाऊन. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर घडी मोडलेली टोपी, हातात शेंगांचा कागदी पुडा. वय मात्र तेव्हाचं, चाळिशीतलं. माझं कितीचं आहे ते नीट कळत नाही. पाय फळीवरून खाली पोचत नाहीत, पण हातावरच्या शिरा साठीच्या आहेत.

"अण्णा, तुम्ही कधी आलात?"

"सकाळीच. उशिरा आलं की जागा मिळत नाही पार्कावर."

पार्क म्हणजे आमच्या सोलापूरचं मैदान. समोर हिरवळ आहे आणि मधोमध खेळपट्टी. खेळपट्टीच्या जागी मिलमधलं मांजरपाट अंथरलंय, लांबच्या लांब, कोरं. अण्णांचं मिलमधलं काम कापड तपासायचं. टेबलावरून कापड सरकत जायचं आणि एक धागा तुटलेला असला तरी यांचं बोट बरोबर त्याच्यावर पडायचं. आत्ताही ते खेळपट्टीकडे बघत म्हणतात, "चौथ्या वारावर गाठ आहे बघ. चेंडू तिथं उसळणार."

"तुम्हाला इथून दिसतं?"

"मला काय दिसत नाही ते विचार."

मला काय दिसलं नाही, हेच तर सांगायचंय त्यांना. वर्षभर सांगायचंय.

मी दहा वर्षांची असताना अण्णांनी एक दिवस रजा टाकली, माझी शाळा बुडवली आणि मला रणजीच्या सामन्याला नेलं. त्याआधी क्रिकेट म्हणजे गल्लीतली फळकुटाची बॅट एवढंच मला माहीत. मैदानात शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते पांढरे कपडे. इतके पांढरे कपडे मी मिलच्या गोदामातसुद्धा एकत्र पाहिले नव्हते. सामन्याचा शेवटचा दिवस होता, सोमवार होता, आणि आईबरोबर धरलेला माझा पहिलाच उपवास. म्हणून अण्णांनी शेंगा घेतल्या होत्या, मोठा पुडा. मी सकाळपासून शेंगाच खात होते आणि मला दुसरं काही नकोच होतं. शेंगा माझ्या फार आवडीच्या.

"तुला आठवतं का," अण्णा विचारतात, "किती हव्या होत्या त्यांना?"

"तीन धावा. आणि आपल्याला एक विकेट."

"आता येतोय तो शेवटचाच," ते म्हणतात, आणि मैदानात खरंच तो शेवटचा माणूस येतो. त्याने बॅटीऐवजी आमच्या स्वयंपाकघरातलं उलथनं धरलंय. अंपायर आईचं जुनं नऊवारी पांघरून उभा आहे. सीमारेषेच्या पलीकडे सिद्धेश्वराचं तळं, आणि तळ्याकाठच्या पायऱ्यांवर प्रेक्षक पाण्यात पाय सोडून बसलेत. कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. मलाही नाही.

"अण्णा, मला एक सांगायचंय."

"सांग की. चहाची सुट्टी आहे."

"मी तो झेल पाहिला नव्हता."

ते शेंग फोडतात. टच्च.

मी भराभर बोलते, थांबले तर जमणार नाही म्हणून. "चेंडू वर गेला ना, तेव्हा तुमचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो थरथरत होता. मला भीती वाटली. मी डोळे गच्च मिटले आणि सिद्धेश्वराला म्हटलं, हा झेल सापडू दे, मी शेंगा सोडते. मग एकदम आरडाओरडा झाला. डोळे उघडले तर सगळे पळत होते. तुम्ही विचारलंत, पाहिलास ना नंदे? मी हो म्हटलं. आणि पुढं पन्नास वर्षं सांगत राहिले, वाघासारखी झेप घेतली, एका हातात चेंडू, जमिनीला समांतर. ते सगळं मी परत येताना टांग्यातल्या माणसांकडून ऐकलेलं होतं."

अण्णा टरफल फळीखाली टाकतात.

"तुमच्या शेवटच्या दिवशीसुद्धा तुम्ही म्हणालात, नंदे, तो झेल सांग. मी सांगितला. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. रोज दिवा लावल्यावर आज तोंडून काही खोटं गेलं का ते मी आठवते, माझा नेम आहे तो. रोज हेच आठवतं. तुमच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं होतं, अण्णा."

ते टोपी काढतात, झटकतात, पुन्हा घालतात. मिलमध्ये एखाद्या ताग्यात दोष सापडला की असंच करायचे.

"मी तुला दर वेळी सांगायला का लावायचो?" ते विचारतात.

"कौतुकानं."

"कौतुक होतंच. पण पाहुणे आले की मी कधी स्वतः सांगितलं का? आठव. काकांना, शेजारच्या मास्तरांना, मिलमधल्या लोकांना. प्रत्येक वेळी, नंदे, तू सांग."

मी आठवते. खरंच, एकदाही नाही.

"चेंडू वर गेला," अण्णा म्हणतात, "तेव्हा माझा हात थरथरला आणि मांडीवरचा पुडा फळीखाली सांडला. मी खाली वाकलो. शेंगा गोळा करत होतो गं. तुझा उपवास, तुला दिवसभर तेवढंच खायचं होतं. डोकं वर काढतो तर सगळे नाचतायत. म्हणून तुला विचारलं, पाहिलास ना? तू हो म्हणालीस. म्हटलं चला, घरातल्या एकानं तरी पाहिला."

"म्हणजे तुम्ही माझ्याकडून ऐकत होता?"

"आणि तू टांग्यातल्या माणसांकडून."

मला हसू आवरत नाही. मी तोंडाला पदर लावते. अण्णाही हसतायत, खांदे हलवून, आवाज न करता. अख्ख्या मिलमध्ये एवढ्या बारीक नजरेचा माणूस नव्हता आणि ते फळीखाली शेंगा शोधत होते. आणि मी, जिनं देवाला साकडं घातलं, तो झेल देतोय का हे बघायलासुद्धा डोळे उघडले नाहीत.

"मग आता बघ," अण्णा म्हणतात. "मिटू नकोस."

"तुम्ही वाकू नका."

मिलचा भोंगा होतो. गोलंदाज तळ्याच्या पायऱ्या उतरून पळत येतो. पांढऱ्या कापडावर चौथ्या वाराला चेंडू पडतो, गाठीवरून उसळतो, उलथन्याला लागतो आणि वर जातो. सिद्धेश्वराच्या कळसाच्याही वर. सगळं मैदान कपाळावर हात धरून बघतंय. माझे डोळे पाणावतात पण मी मिटत नाही. चेंडू थेट आमच्या बाजूला येतो. आमच्यासमोरचा उंच खेळाडू मागे मागे जातो, अडखळतो, चेंडू त्याच्या हातातून निसटतो, छातीवर आपटतो, हनुवटीला लागतो, तो फतकल मारून खाली बसतो आणि चेंडू त्याच्या मांडीत पडतो. तो दोन्ही हातांनी तो घट्ट धरतो, लहान मूल वाटी धरतं तसा. टोपी डोळ्यांवर आलेली. त्याला स्वतःलाच कळलेलं नाही की झेल झालाय.

"ही झेप?" मी म्हणते.

"वाघ म्हणे," अण्णा म्हणतात. "आपलं बरं होतं, नंदे. तू सांगायचीस तो झेल याच्यापेक्षा चांगला होता. तो ऐकतच मी गेलो. त्यात खोटं काय बघत बसलीस?"

पायऱ्यांवरचे लोक पाण्यात पाय आपटतायत. सगळीकडे तुषार. अण्णा एक शेंग फोडतात आणि दोन दाणे माझ्यापुढे धरतात.

"माझा नवस आहे, अण्णा."

"किती दिवसांचा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि लक्षात येतं, मी मुदत बोललेच नव्हते. नवस बोलताना आई नेहमी मुदत बोलायची, पाच सोमवार, सोळा सोमवार, वर्षभर. मला दहाव्या वर्षी ते माहीत नव्हतं. मी नुसतं सोडते म्हटलं, आणि सोडल्या.

"मुदत नव्हती बोलले," मी हळूच म्हणते.

"मग देव तरी कुठल्या तारखेला सांगणार, की पुरे आता म्हणून? वाट बघत बसला असेल बिचारा." ते दाणे माझ्या तळहातावर ठेवतात. "झेल मागितलास, तो मिळाला. आज पाहिलासही. घे. खारे आहेत."

मी देवाचं नाव घेते आणि दाणे तोंडात टाकते. पन्नास वर्षांनी. दातांखाली ते फुटतात आणि अण्णा टोपी सरळ करून उठतात.

"चला, गर्दी व्हायच्या आत निघू," ते म्हणतात. फळ्यांमधून वाट काढत ते पुढं जातात. कुठं निघालेत ते मी विचारत नाही.

"आई," कीर्ती म्हणते. "आई, फराळ करताय ना? तुमची खिचडी वेगळी काढू का आता?"

पंखा फिरतोय. देवघरातली वात अजून जळतेय. जपमाळ चटईवर पडलीय आणि माझी मूठ बंद आहे. जिभेवर मीठ आहे. सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही.

"नको काढू," मी म्हणते. "सगळ्यांबरोबर दे. कूट घालून."

कीर्ती हातात डाव घेऊन तशीच उभी राहते. मग आत जाते, आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो.

मी मूठ उघडते. आमच्याकडे दुकानातून सोललेले दाणेच येतात, शेंग घरात येत नाही. तळहातावर शेंगेचं टरफल आहे, मधोमध उघडलेलं, बाहेरून खाऱ्या पाण्याचा पांढरट डाग असलेलं. आत दोन दाण्यांच्या दोन गुळगुळीत जागा, रिकाम्या.