लायसन्स पाटावर, गाडी चौकात

१९७९ सालची खांडेनवमी. सकाळी मी अंगणात स्कूटर धूत होते. चाकांतला चिखल काडीने उकरायचा, आरसे वर्तमानपत्राने पुसायचे, मग हँडलला झेंडूचा हार. आमच्या प्रतापनगरच्या घरी नवमीला विळा, कात्री, सासऱ्यांची कुदळ, किसणी असं सगळं पाटावर मांडून पूजा होते. एकदा हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत पाटावरच्या वस्तूला कोणी हात लावत नाही.

स्कूटर काही पाटावर मावत नाही. सासूबाईंनी तोड काढली.

"गाडी अंगणात अन् देव घरात. गाडीचं काहीतरी पाटावर पाह्यजे न वं."

मी पर्समधून लायसन्स काढून दिलं. तेव्हा ते लहानशा पुस्तकासारखं असायचं. कुदळीच्या शेजारी ते बसलं, त्याला कुंकू लागलं, आणि मी स्वयंपाकाला लागले. ते आता पर्समध्ये नाही, ही गोष्ट डोक्यातून गेली ती गेलीच.

यजमान तेव्हा चंद्रपूरला बदलीवर होते. घरातली बाहेरची कामं स्कूटरवर मीच करायची. दुपारी धाकट्या नणंदेने आठवण करून दिली, तिचं ब्लाऊज बर्डीच्या बाजारातल्या शिंप्याकडे पडलं होतं आणि दसऱ्याला दुकान बंद. ब्लाऊज लागणारच होतं. तिची सोयरीक शहराबाहेरच्या बेसा गावातल्या एका शेतकरी घरात जमली होती. साखरपुडा दिवाळीनंतर, पण दसऱ्याच्या संध्याकाळी ती मंडळी सोनं द्यायला पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती. मुलगा बँकेत होता, माणसं भली होती, फक्त लोक काय म्हणतील याला फार जपणारी. आधीची एक सोयरीक त्यांनी कुठूनतरी कानावर आलेल्या गोष्टीवरून मोडली होती. हे आम्हाला माहीत होतं आणि नणंदेलाही.

नणंदेला मागे बसवून मी निघाले. ब्लाऊज मिळालं. परत येताना चौकात पोलिसाने हात केला. दसऱ्याच्या बंदोबस्तामुळे जागोजागी पोलीस उभे होते. हा नवा होता, मिशी नुकती राखलेली.

"लायसन्स काढा बाई."

मी पर्स उघडली आणि तेव्हा मला पाट दिसला.

"घरी आहे."

"घरी काहून?"

"पूजेत ठेवलंय."

तो मोठ्याने हसला. "मंग गाडीबी पूजेतच ठेवाची होती न! हार तं घातलाच हाय." असं म्हणत त्याने वाकून चावी काढली आणि खिशात टाकली.

बाई स्कूटर चालवते हे बघायला तेव्हा लोक तसेही थांबत. आता तर पोलिसाने अडवलेली. पानठेल्यावरची चारदोन माणसं सरकून पुढे आली. एक जण म्हणाला, "जाऊ द्या न साहेब, नवमीले बाईमाणूस देवीच असते."

"देवीले लायसन्स लागत नाही. बाईले लागते," पोलीस म्हणाला, आणि सगळे हसले. त्या हसण्याने त्याला जोर आला. "चला ठाण्यात. दोघीबी चला. तिथं सांगा देवाची गोष्ट."

नणंदेने माझा दंड पकडला. "वहिनी, देऊन टाका न काहीतरी. मले ठाण्यात नाही यायचं."

देणं सोपं होतं, आणि त्याची अपेक्षाही तीच होती. तो बोलताना मधूनच माझ्या पर्सकडे बघत होता. पण याच चौकातून मी रोज कामावर जात होते. पोलीस बदलतात, पण गाडी आणि ती चालवणारी बाई ओळखीची होते. एकदा दिलं की दर महिन्याला द्यावं लागलं असतं.

मी एका वकिलांकडे टायपिस्ट होते. मोटारींचे खटले त्यांच्याकडे बरेच असत. लायसन्स जवळ नसलं म्हणजे काय आणि मुळात नसलंच म्हणजे काय, यातला फरक मी कितीतरी वेळा टाइप केला होता. पण टाइप करताना तोंड कोरडं पडत नाही.

"चावी द्या," मी म्हणाले. "लायसन्स माझ्या नावावर आहे. फक्त जवळ नाही. माझं नाव, पत्ता, गाडीचा नंबर लिहून घ्या. मी सांगेन त्या ठाण्यात मुदतीच्या आत आणून दाखवते. दाखवलं तर माझ्यावर गुन्हा लागत नाही. कायद्यात आहे."

"वकील हाय का तुम्ही?"

"नाही. वकिलाकडे टाइप करते."

"टाइप करून कायदा येते?"

"येतो."

पानठेल्यावर पुन्हा हशा पिकला, पण या वेळी तो पोलिसाच्या बाजूचा नव्हता. तिथेच माझं चुकलं असावं. त्याचा चेहरा कडक झाला. त्याने स्कूटर स्टँडवरून काढली आणि ढकलत नेऊ लागला. "गाडी जमा. आता करा टाइप."

गाडी अशी अडकवून ठेवता येते की नाही, हे मला खरंच आठवेना. मी आठवत असल्यासारखी बोलले. "गाडीचे कागद डिकीत आहेत. ते बघा आधी. गाडी चोरीची नाही, माझी आहे. नेणार असाल तर नेल्याची पावती लिहून द्या, तुमच्या नंबरासकट. आणि ही मुलगी मागे बसलेली आहे. मागे बसणाऱ्याला लायसन्स लागत नाही. तिला ठाण्यात कशासाठी बोलावता ते या सगळ्यांसमोर सांगा."

तो थांबला, पण हँडल सोडलं नाही. मीही मागे लावलेलं जादा चाक, स्टेपनी, धरून ठेवलं होतं. दोघांच्या मध्ये ती हारवाली गाडी.

तेवढ्यात नणंदेने माझा पदर ओढला. पानठेल्यापाशी सायकल धरून तिच्या होणाऱ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ उभे होते. धोतर, टोपी, सायकलला दसऱ्याच्या बाजाराच्या पिशव्या. त्यांनी आम्हाला ओळखलं होतं. ओळख दाखवली नाही. सायकल वळवून बेशाच्या बाजूला निघून गेले.

नणंद रडू लागली. मी तिला म्हणाले, "आत्ता नको. घरी रड." आणि पोलिसाला म्हणाले, "तुमच्या वरचे कोण आहेत इथे? त्यांना बोलवा."

रस्त्यापलीकडे झाडाखाली जमादार खुर्ची टाकून बसले होते. पोट सुटलेले, थकलेले. आवाज ऐकून ते स्वतःच आले. त्यांनी डिकीतले कागद पाहिले, हार पाहिला, मला विचारलं, "लायसन्स खरंच हाय न?"

"आहे. उद्या दाखवते."

"कोणत्या ठाण्यात?"

मी घराजवळचं सांगितलं. ते पोलिसाला म्हणाले, "लिहून घे अन् सोड. सणाचे दिवस हायत. कोठी गाडी सांभाळत बसतं गा?" मग माझ्याकडे वळून, "अन् बाई, तुम्ही जरा कमी बोलत जा."

"बोलले नसते तर ठाण्यात बसले असते," मी म्हणाले.

चावी मिळाली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. नणंद रात्री जेवली नाही. सासूबाईंना आम्ही एवढंच सांगितलं की उत्तरपूजा उद्या लवकर करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "दसऱ्याच्या दिवशी कोण येते बाई लायसन्स दाखवाले? राहू द्या." मी त्याला नोंद करायला लावली आणि तो लिहीपर्यंत समोर उभी राहिले. तिथून गाडी बेशाकडे घातली. तेव्हा बेसा म्हणजे खेडंच, रस्ता कच्चा. मुलाची आई गोठ्यापाशी होती. शेणाचे हात तसेच ठेवून ती मला बघत राहिली. तिचे दीर सांगून मोकळे झाले होते, हे तिच्या नजरेवरून कळलं.

मी बसले नाही. अंगणातच उभी राहून चौकात घडलेलं सगळं सांगितलं, पूजेपासून ठाण्याच्या नोंदीपर्यंत.

"पोरीले ठाण्यात नेलं का?" तिने विचारलं.

"नाही. मलाही नाही नेलं."

"मंग हे सांगाले काहून आल्या तुम्ही इतक्या सकाळी?"

"तुमच्या कानावर दुसऱ्या तोंडून आलं असेल म्हणून."

तिने हात धुतले, पदराला पुसले. मग आत बघून हाक मारली, "अहो, बाहेर या. भाऊजींनाबी घेऊन या." दोघे ओटीवर येऊन बसले, दीर माझ्याकडे न बघता. तिने माझ्यासमोर पाट टाकला आणि म्हणाली, "आता यांच्यापुढे सांगा. पह्यल्यापासून."

मी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं.