पोकळ भिंतीचं घर

आमच्या दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, सगळी गल्ली 'पोकळमिस्त्री' म्हणायची. दाजी गवंडी. ते वीट आडवी न ठेवता उभी लावायचे आणि भिंतीच्या पोटात पोकळी सोडायचे. त्यामुळे पाव हिस्सा विटा वाचायच्या आणि बाहेरचं ऊन आत पोहोचायला वेळ लागायचा. लोक हसायचे. "बडा घर पोकळ वासा ऐकलं होतं, मिस्त्री, तुमची तर भिंतच पोकळ!" दाजीही हसायचे. "डोकं पोकळ असण्यापेक्षा बरं," म्हणायचे आणि पुन्हा ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते बघायचे.

मला मात्र हसू येत नसे. मी गिलावा करणारा माणूस, आणि दाजींच्या भिंतींना गिलावा लागायचाच नाही. वीट उघडी, सांधे रेखीव, काम संपलं. "तुझा नवरा घरातल्या घरात माझ्या पोटावर पाय आणतोय," असं मी ताईला चिडवायचो. निम्मं खरंच होतं ते.

ताईला दमा. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत उन्हाळाभर ती उशीला पाठ टेकून, बसूनच झोपायची. आडवी झाली की छाती दाटायची. "हिला एकदा भर उन्हाळ्यात आडवं होऊन झोपलेलं बघायचंय," दाजी मला म्हणाले होते, आणि तेवढ्यासाठीच सुटीच्या दिवशी राबून तीन वर्षांत त्यांनी दोन खोल्या उभ्या केल्या. सावलीच्या बाजूला जमिनीलगत विटांची जाळी, समोरच्या भिंतीत छताखाली दुसरी. गार हवा खालून येणार, तापलेली वरून जाणार. हे सांगताना ते दोन्ही हातांनी हवा ढकलून दाखवायचे. मला दिसायची ती नुसती भोकं.

थंडीत ती दोघं तिथे राहायला गेली आणि लगेच दाजींना पंधरा दिवस बाहेरगावचं काम लागलं. ताई सहज म्हणाली, "सगळं झालं, पण घराला तुझा हात काही लागला नाही बघ." मला तेवढं पुरलं. चार दिवसांत मी दोन्ही खोल्या आतून गिलाव्याने गुळगुळीत केल्या. जाळ्याही सोडल्या नाहीत. गिलावेवाल्याच्या हाताला भोक सोसत नाही.

"अरे, ते यांनी मुद्दाम ठेवलंय ना?"

"मुद्दाम कसलं! उंदीर शिरतील."

दाजी परत आले. भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. "हात सुंदर आहे तुझा," एवढंच म्हणाले. ताईने त्यांना आधीच बजावलं होतं, हे मला नंतर कळलं. "भावाने हौसेने केलंय, त्याला एक शब्द बोलायचा नाही." आपलेच दात, आपलेच ओठ.

उन्हाळा आला. एका दुपारी मी आंबट चेहऱ्याने का होईना, पण नव्या घराचं कौतुक ऐकायला गेलो. ताई पलंगावर बसलेली, पाठ माझ्या गुळगुळीत भिंतीला. "ये" म्हणायलाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. दाजी पुठ्ठ्याने तिला वारा घालत होते. मला बघताच त्यांनी तो पुठ्ठा पाठीमागे लपवला. मला वाईट वाटू नये म्हणून!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताईला शेजारी नेऊन बसवा," मी म्हणालो आणि छिन्नी-हातोडी घेऊन आलो.

"राहू दे रे. एवढं सुरेख काम तुझं."

"दाजी, तुम्ही फक्त भोकं कुठे होती ते दाखवा."

ते जमिनीवर उकिडवे बसले आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवत सरकले. "इथे. इथे. आता इथे." एकही चुकलं नाही. धूळ उडू नये म्हणून मी गिलावा भिजवून फोडत होतो. माझं काम इतकं पक्कं असतं, हे मला तेव्हाच कळलं आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला. खालची जाळी झाली, मग वरची. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने सगळं पुसलं आणि भर दुपारी ताईला आणलं.

तिने जाळीपुढे हात धरला. "अगंबाई, येतोय की वारा!" मग तिथेच गार जमिनीवर बसून तिने आम्हाला फैलावर घेतलं. "दोघांनाही अक्कल नाही. एकाने न विचारता बुजवलं, दुसऱ्याने... आणि मी आपली मधल्या मध्ये..."

वाक्य तिथेच तुटलं. आम्ही दोघं दचकून वळलो. तिला पुन्हा धाप लागली असं वाटलं.

ताई हाताची उशी करून आडवी झाली होती. झोपली होती.

मी दाजींची बाही ओढली, बाहेर चला म्हणून. ते हलले नाहीत. डोळे पुसत ते दारातच उभे राहिले आणि बघत राहिले.