पामाला कूलर, कांताबाईंना पंखा

भिलाईच्या हुडको कॉलनीत देवरावांच्या घरी कूलर होता, पण घरात नव्हता. तो मागच्या अंगणात होता, प्लास्टिकच्या एका खोलीला तोंड लावून, आणि त्याची गार हवा खात आत एक रॉयल पाम उभा होता. कांताबाई हॉलमध्ये पंख्याखाली. पंखाही असा, की तो फिरतोय हे बघायला मान वर करावी लागे.

देवराव मूळचे तुमसरकडचे. उभी नोकरी मालगाडीच्या गार्डाची. शेवटच्या डब्यात एकट्यानं बसायचं आणि मागं मागं जाणारी झाडं बघायची. जन्मभर ज्याला प्रत्येक झाड पाठ फिरवून गेलं, त्याला रिटायर झाल्यावर एखादं आपल्याजवळ थांबावंसं वाटलं तर नवल नाही. नवल पुढं आहे. त्यांनी मोबाइलवर कुण्या गोऱ्या माणसाचं काचघर पाहिलं. आत उंच उंच पाम, आणि गोरा खुशीत. त्या गोऱ्याच्या अंगणात बर्फ होता आणि देवरावांच्या अंगणात भिलाईचा मे महिना येणार होता, हा बारीक फरक तेवढा नजरेतून सुटला.

मोठासा पाम आणला, पाइप आणले, जाड प्लास्टिक आणलं, खोली उभी केली. त्यात फट म्हणून ठेवली नाही. नोकरीत एकदा सिमेंटच्या वॅगनमध्ये पाणी शिरलं होतं आणि जबाब देता देता देवरावांचा घसा बसला होता. तेव्हापासून फट दिसली की त्यांना झोप येत नसे. एप्रिलात आत अशी भट्टी पेटली की पाम मलूल झाला. दुसऱ्या कोणी खिडकी काढली असती. देवरावांनी कूलर आणला.

शेजारचे भय्याजी कुंपणावरून म्हणाले, "देवरावजी, सेक्टर टू में तो ऐसे पाम सडक पे खड़े हैं. बिना कूलर के."

"ते सरकारी आहेत," देवराव म्हणाले. "हा घरचा आहे."

भय्याजी हे गल्लीतल्या बाकीच्यांना सांगायला गेले.

पाम वाढत वाढत छताला टेकायला आला आणि त्याच वेळी शेंड्यातून नवं पान निघालं, मिटलेलं, भाल्यासारखं. "पामाले एकच शेंडा असते," देवराव येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगत. "तो जळला का खेळ खलास."

अशात मोनालीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, बघायला शेजारच्या दुर्ग शहरातून पाहुणे येणार ठरलं. भर दुपारी.

"कूलर आत आणा," कांताबाई म्हणाल्या.

"शेंडा नाजूक झाला आहे. या टायमाले कूलर हलवला तर जाईन तो."

"मग पाव्हण्यायले काय पंख्याखाली भाजाचं?"

"मी म्हनतो—"

"पामापाशीच बसवा मग त्यायले."

हा टोमणा होता. गल्लीतल्या कुत्र्यालाही कळला असता. देवरावांना मात्र तो तोडगा वाटला. त्यांनी लगेच खुर्च्या आत नेल्या.

पाहुणे आले. सुमंतराव, त्यांच्या पत्नी मधुवंतीबाई आणि चिरंजीव अभिनव. तीन पिढ्या दुर्गात मुरलेलं, मोजकं बोलणारं घराणं. प्लास्टिकच्या दारातून वाकून शिरताना मधुवंतीबाईंच्या अंबाड्याला पामाचं पान लागलं. देवराव "अरे अरे" म्हणत धावले आणि त्यांनी पान नीट केलं.

"वय काय म्हणालात?" मधुवंतीबाईंनी विचारलं.

"सात वर्षं. पण उंचीनं मोठा दिसते."

कांताबाईंनी पोह्यांच्या बशीत बघितलं. तेवढ्यात मोनाली चहा घेऊन आली, सगळे सावरून बसले, आणि लाइट गेली.

कूलर थांबला. बघता बघता खोलीचं इडलीपात्र झालं. पाहुण्यांनी रुमाल काढले. देवरावांनी अभिनवच्या हातात धान्य पाखडायचं सूप दिलं.

"बेटा, वर मारा हवा. शेंड्याकडे."

पोरगा मुलगी बघायला आला होता, नाही कसं म्हणणार? तो खुर्चीवर उभा राहून झाडाला वारा घालू लागला. सुमंतरावही न सांगता पेपरची घडी घेऊन उठले. पण मिटलेलं पान तापल्या प्लास्टिकला चिकटलं होतं, आणि त्याचं टोक डोळ्यांदेखत तपकिरी पडू लागलं.

"फाडा न ते छत," कांताबाई म्हणाल्या.

देवरावांनी कात्री आणली. टेबलावर चढले. हात वर गेला आणि तिथंच राहिला. स्वतःच्या हातानं फट पाडायची? कपाळावरचा घाम कात्रीवर टपटपला.

"पापा, हटो," मोनाली म्हणाली. तिनं पदर खोचला, टेबलावर चढली, कात्री हिसकली आणि छत या टोकापासून त्या टोकापर्यंत चर्रर्र फाडलं. कोंडलेली वाफ भसकन बाहेर गेली. पान सुटलं, डुललं, आणि ताठ होऊन आभाळात घुसलं.

मधुवंतीबाई म्हणाल्या, "मुलीला छप्पर फाडता येतं, हे बायोडेटात नव्हतं."

ही तारीफ की नापसंती, हे कांताबाईंना कळेना. पाहुणे गेले ते गेलेच. इकडं कूलर हॉलमध्ये आला, पण कांताबाई त्याच्यासमोर बसूनही धुमसत राहिल्या. देवराव उजाडलं की शेंड्याखाली. टोक जळलं होतं; आतलं पान जिवंत आहे की गेलं, कळायला मार्ग नव्हता.

एका सकाळी ते उघडलं. कडेला करपलेलं, पण हिरवंगार. आणि त्याच दुपारी सुमंतरावांचा फोन आला.

"पान उघडलं का हो?"

देवराव खुलले. पान कसं सुटलं, कोणत्या बाजूला झुकलं, खालून दुसरं कसं डोकावून राहिलं, सगळं सविस्तर सांगितलं. तिकडून "वा, वा" चाललं होतं. फोन ठेवला.

"पोरीचं काय म्हटलं त्यायनं?" कांताबाई.

"ते राहूनच गेलं."

कांताबाईंनी फोन हातातून ओढून मधुवंतीबाईंना लावला. होकार होता. अभिनवनं घरी पोचायच्या आधी, गाडीतच सांगून टाकलं होतं; मोठी माणसंच एकमेकांच्या फोनची वाट बघत बसली होती.

"पाहा," डोळे पुसत कांताबाई म्हणाल्या, "दोन शब्दांत जमलं."

"हो न," देवराव म्हणाले. "पानालेच जास्त टाइम लागला."

त्या दिवशी देवरावांना चहा मिळाला. साखर मिळाली नाही.