पेटीची खेप

नव्वदच्या दशकात जुन्नर-घाटघर रस्त्यावर आमची जीप चालायची. आमची म्हणजे माझ्या नवऱ्याची. मी फक्त हप्त्यांच्या काळजीची मालकीण. गाडी खासगी नावावर आणि धंदा भाड्याचा, त्यामुळे विम्याचा कागद असून नसल्यासारखा. एजंटने तोंडावर सांगितलं होतं, "भाडं मारताना गाडी उलटली तर कंपनी हात वर करणार." एसटीला म्हणे सरकारच्या परवानगीने विम्याऐवजी स्वतःचा निधी ठेवता येतो. आमचे जीपवाले तेच एका साहेबांना विचारून आले. साहेब हसले. "तुम्ही एसटी आहात का?"

हसले तर हसले. पुढे परमिटं आली, प्रवाशांचा रीतसर विमाही आला, पण तोवर आमच्या लोकांनी आपली पेटी चालवली. बाजाराच्या दिवशी प्रत्येक जीपची एक खेप पेटीची. तिचं भाडं स्टँडसमोरच्या कापडवाल्या शेटजींकडे जमा व्हायचं. शेटजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण जुन्नरी मराठीत भांडायला एक नंबर. कुणाची जीप धडकली, कुणाला लागलं, की खर्च पेटीतून.

नियम ठरवताना सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ह्यांचा. "टपावर माणूस बसवला आन् गाडी पलटी झाली, तर पेटीतून कुणालाच छदाम मिळायचा न्हाई!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ह्यांचा अभिमान वाटला आणि धास्तीही. बैठकीत गरजणारा हा माणूस, पण कुणी समोर येऊन गळ घातली की नाही म्हणणं ह्यांच्या जिवावर येतं.

व्हायचं तेच झालं. लग्नसराईत वऱ्हाडातली पोरं "काका, आजच्या दिवस" करत टपावर चढली आणि आपटाळे गावाच्या पुढच्या वळणावर जीप कलंडली. टपावरची पोरं उड्या मारून नामानिराळी. आत निमूट बसलेल्या घाटघरच्या एका शेतकऱ्याच्या उजव्या कोपराचा मात्र चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर हात वाकायचा नाही. लावणीच्या चिखलात हात वाकलाच नाही, तर त्या माणसाने खायचं काय?

संध्याकाळी शेटजींच्या दुकानात बैठक बसली. मी बाहेर पायरीवर. हे उभे राहिले. "नियम म्याच केला, म्याच मोडला. मला काय बी देऊ नका." आणि खाली बसले.

"माणूस लई खरा," कुणीतरी म्हणालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे तो बिचारा दवाखान्यात कण्हतोय आणि इकडे ह्यांच्या खरेपणाची आरती! मी सरळ आत शिरले.

"ह्यांना नका देऊ. जीप भंगारात गेली तरी चालंल. पर तो माणूस टपावर नव्हता. चूक आमची, मग दंड त्याच्या हाताला का?"

"अगं, घरी चल," हे दबक्या आवाजात म्हणाले.

"न्हाई येत."

शेटजींनी पेटी सगळ्यांच्या मधोमध ठेवली. "ताई बराबर बोलल्या. पेटी गाड्यांसाठी हाये का माणसांसाठी, एकदा ठरवा राव."

मग जी जुंपली! असं देत सुटलो तर टपावर बसवायला कोण भिणार, असं एकाने विचारलं, आणि ते काही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: ज्याला लागलं त्याला पेटीने आधी द्यायचं, चौकशा मागाहून. नियम मोडणाऱ्याने ते आपल्या खेपांतून फेडायचं आणि स्वतःची गाडी स्वतःच नीट करायची.

ऑपरेशन झालं, हात वाचला. आमची जीप गॅरेजात होती, म्हणून एका जीपवाल्याने पेटीच्या खेपेसाठी ह्यांना स्वतःची दिली. अपघातानंतरची ह्यांची पहिलीच खेप. ह्यांनी दोनदा किल्ली लावून परत काढली, म्हणून मी शेजारी बसले. सुटायच्या वेळेला दवाखान्याच्या बाजूने तोच माणूस आला, हात गळ्यात बांधलेला, सोबत बायको. त्याला आजच घरी सोडलं होतं.

हे खाली उतरले. मान वर होईना. "पावणं, दुसऱ्या गाडीत बसवून देऊ का?"

त्याने आधी टपाकडे पाहिलं. टप मोकळा होता. "दुसरी कवा सुटायची? घरी पालापाचोळा टाकून राब भाजायचा राह्यलाय, भाताचं रोप कशात टाकू?" असं म्हणत मला आत सरकवून तो पुढच्याच सीटवर बसला. बायको मागे चढली.

ह्यांनी गाडी काढली. आपटाळं मागे पडलं. ह्यांनी वेग इतका कमी केला की मागची माणसं कुरकुरायला लागली. ते वळण आलं. भीत भीत मी शेजारी पाहिलं, तर तो माणूस गाढ झोपला होता.